जाहिरातीतली जागा: खानापूर तालुक्यातील एका पीएच.डी. उमेदवाराचे प्रकरण

बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यातील एका विद्यार्थिनीने जानेवारी २०२३ ते सप्टेंबर २०२५ या काळात पीएच.डी.शी या ना त्या प्रकारे जोडलेल्या चौदा जाहिरातींना अर्ज केले. त्यांपैकी पाच ठिकाणी तिची मुलाखत झाली. लेखी उत्तर फक्त दोन अर्जांना आले. एक परदेशातून आणि दुसरे माहिती अधिकाराखाली विचारल्यावर. उरलेल्या बारांपैकी बहुतेक ठिकाणी काय झाले हे तिला संकेतस्थळावर लागलेल्या दुसऱ्या कुणाच्या तरी नावावरून, किंवा तीच जाहिरात पुन्हा निघाल्यावरून, ताडावे लागले.

मी बेळगावातील एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवतो. बी.एस्सी.ची तीन वर्षे ती माझ्या वर्गात होती आणि तिची बहुतेक शिफारसपत्रे मीच लिहिली, तेव्हा हा अभ्यास त्रयस्थाने केलेला नाही, हे आधीच सांगून ठेवतो. तिच्या संमतीने लिहीत आहे. तिचे, तिच्या गावाचे आणि जिथे तिचे अर्ज अडले त्या संस्थांचे नाव मुद्दाम दिलेले नाही.

उमेदवार

गाव जांबोटीच्या बाजूचे. वडिलांची पावसावरची भातशेती, आणि सुगी आटोपली की वीटभट्टीवर काम. दहावीपर्यंत मराठी माध्यम, पीयूसीला (अकरावी-बारावीला) विज्ञान आणि इंग्रजी. कन्नड ही शाळेत तिसरी भाषा आणि सरकारी कचेरीत पहिली. बी.एस्सी. बेळगावात झाली आणि एम.एस्सी. धारवाडला, २०२२ साली, प्रथम वर्गात. एम.एस्सी.चा प्रकल्प देवरायांवर, म्हणजे देवाच्या नावाने राखलेल्या वनांवर, होता: २०११ साली जाहीर झालेल्या भीमगड अभयारण्याच्या कडेच्या तीन गावांतील देवराया, ज्यांना पलीकडच्या कन्नड वस्तीत देवरकाडू म्हणतात, त्यांतील वृक्षांची नोंद.

काम चांगले होते असे मी म्हणतो ते केवळ शिक्षकाच्या कौतुकाने नव्हे. वनस्पतींच्या नोंदीत झाडाला क्रमांकाचा पत्रा ठोकण्याची पद्धत आहे. पण देवाच्या झाडाला खिळा चालत नाही, असे गावकऱ्यांनी पहिल्याच दिवशी सांगितले. तेव्हा तिने देवळाची खालची पायरी हा आरंभबिंदू धरला, तिथून प्रत्येक झाडाचे अंतर टेपने आणि दिशा होकायंत्राने मोजली, आलेख-कागदावर नकाशा काढला, आणि पुढच्या वर्षी पावसाळ्यानंतर जाऊन त्याच नकाशावरून प्रत्येक झाड पुन्हा सापडते का, हे तपासले. चार झाडे सापडली नाहीत; ती का सापडली नाहीत याची कारणेही तिने नोंदवली आहेत. संशोधक व्हायला आणखी काय लागते ते मला ठाऊक नाही.

एका जाहिरातीतल्या तीन गोष्टी

अशा मुलीची निवड का होत नाही, हा प्रश्न मी वर्षभर चुकीच्या पद्धतीने मांडत होतो. गुण कमी पडतात का, मुलाखतीत इंग्रजी अडखळते का, प्रकाशित लेख नाही म्हणून मागे पडते का, असे मी तिच्यात शोधत होतो. चौदा अर्जांचे कागद एका टेबलावर पसरून तारखा लावल्या तेव्हा दिसले की, 'पीएच.डी.ची जागा' या नावाने जे जाहिरातीत येते त्यात प्रत्यक्षात तीन वेगळ्या गोष्टी असतात. एक प्रकल्पातील नोकरी, दुसरी विद्यापीठातील प्रवेश आणि तिसरी विद्यावेतन. नोकरी निधी देणाऱ्या खात्याच्या मंजुरीवर चालते, प्रवेश विद्यापीठाच्या वेळापत्रकावर, आणि विद्यावेतन परीक्षेच्या निकालावर किंवा एखाद्या राज्याच्या योजनेवर. तिन्ही एकाच वेळी जुळल्या तरच उमेदवाराला बसायला खुर्ची मिळते. जाहिरात मात्र तिघींपैकी एकीचीच असते आणि उरलेल्या दोघींविषयी ती एका ओळीत बोलते: 'निवड झालेला उमेदवार विद्यापीठाच्या नियमांनुसार पीएच.डी.साठी नोंदणी करू शकेल.' या 'करू शकेल'मध्ये काय काय दडलेले असते, हे अर्जदाराला रुजू झाल्यावर कळते.

पैशाच्या बाजूने पाहिले तर चित्र वरवर तरी बरे आहे. जेआरएफची, म्हणजे नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून मिळणाऱ्या कनिष्ठ संशोधन विद्यावेतनाची, रक्कम १ जानेवारी २०२३ पासून महिना ३१,००० वरून ३७,००० रुपये झाली. पण ती ज्याला मिळते तो स्वतःचे विद्यावेतन घेऊन कुठेही जाऊ शकतो, आणि मार्गदर्शक त्याचे स्वागत करतात. जो नेट फक्त सहायक प्राध्यापकपदासाठी उत्तीर्ण होतो, त्याच्याकडे पात्रता असते आणि खिसा रिकामा असतो. आमच्या उमेदवाराचे नेमके हेच झाले, तेही दुसऱ्या प्रयत्नात. जीवशास्त्रातील सीएसआयआर-यूजीसी नेटची ती परीक्षा जून २०२४ मध्ये व्हायची होती. २१ जूनला, म्हणजे अवघे चार दिवस आधी, ती पुढे ढकलल्याचे जाहीर झाले आणि अखेर २५ ते २७ जुलैला झाली. तोपर्यंत एका प्रकल्पाच्या जाहिरातीची मुदत संपली होती, ज्यात नेट ही अनिवार्य अट होती.

चाळीस उमेदवार, एक जागा

पहिली मुलाखत मार्च २०२३ मधली, थेट मुलाखत या प्रकारातली. सकाळी साडेनऊला मूळ कागदपत्रांसह हजर राहायचे, प्रवासखर्च मिळणार नाही. आदल्या दिवशी निघावे लागले. तिच्या वहीच्या मागच्या पानावर त्या दिवसाची नोंद आहे: प्रवास ६४०, राहणे ५००, झेरॉक्स आणि नोटरी २१०, जेवण १८०, एकूण १,५३०. बाकावर चाळीसच्या आसपास मुले होती. तिची पाळी दुपारी साडेतीनला आली आणि सात मिनिटांत संपली. जाहिरातीतील 'इष्ट पात्रता' या सदरात चार गोष्टी एकत्र मागितल्या होत्या: वनस्पतिसंग्रहाचा अनुभव, एका ठरावीक संगणक-प्रणालीचे ज्ञान, शेवाळांच्या एका विशिष्ट गटावरचे काम आणि त्या जिल्ह्यातील क्षेत्रकामाचा अनुभव. या चारही गोष्टी असलेली व्यक्ती त्याच प्रयोगशाळेत सहा महिने काम करत होती. निवड तिचीच झाली.

इथे मला थोडे थांबून दुसरी बाजू मांडली पाहिजे, कारण मीही एकदा एका लहान प्रकल्पाचा प्रमुख संशोधक होतो. तीन वर्षांचा प्रकल्प मंजूर होतो, पैसे येईपर्यंत काही महिने जातात, पावसाळा कुणासाठी थांबत नाही, आणि तुमच्याजवळ हाताशी एक तयार मुलगा असतो ज्याने प्रस्ताव लिहितानाच अर्धे काम केलेले असते. जाहिरात देणे बंधनकारक असते. तेव्हा ती दिली जाते, आणि ती त्या मुलाकडे पाहून लिहिली जाते. मी हे केले आहे. त्या दिवशी माझ्याही दारात वीस-बावीस मुले बसली होती आणि त्यांतली दोन रायचूरहून रात्रभराच्या बसने आली होती. निवडलेला मुलगा लायक होता, त्याबद्दल मला आजही खंत नाही. बाकीच्यांचा एक दिवस आणि बसचे भाडे मी कोणत्या अधिकाराने घेतले, याचे उत्तर मात्र माझ्याजवळ नाही. अर्ज मागवून, छाननी करून चौघांना बोलावणे नियमात बसत होते. थेट मुलाखत सोपी पडते म्हणून मी ती ठेवली.

माहिती अधिकाराने आलेले उत्तर

दुसरी ठळक घटना एका केंद्रीय संस्थेतली. २०२३ च्या पावसाळ्यात मुलाखत झाली, चांगली पाऊण तास चालली, आणि त्यानंतर शांतता. तिने दोन ईमेल पाठवले. दूरध्वनीवर कार्यालयातून 'निकाल वेबसाइटवर लागेल' एवढेच कळले. पाच-सहा महिन्यांनी निकालाऐवजी त्याच प्रकल्पाची, त्याच जागेची नवी जाहिरात लागली.

मग तिने दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर लावून अर्ज केला. इतरांचे गुण विचारले नाहीत, कारण तो त्रयस्थाच्या माहितीचा मुद्दा होऊन अर्ज अडला असता. फक्त स्वतःचे गुण, प्रतीक्षायादीतील स्वतःचा क्रमांक आणि त्या यादीची मुदत, एवढेच मागितले. कायद्याने तीस दिवसांची मुदत आहे आणि उत्तर अठ्ठाविसाव्या दिवशी आले. प्रतीक्षायादीत ती पहिली होती. यादी सहा महिन्यांसाठी वैध होती. निवड झालेल्या उमेदवाराने चौथ्या महिन्यात राजीनामा दिला होता. म्हणजे यादी जिवंत होती, जागा रिकामी होती, आणि तिला बोलावण्यासाठी एक फोन पुरे झाला असता. नव्या जाहिरातीला तिने पुन्हा अर्ज केला, तेव्हा वय वा पात्रता नव्हे तर 'इष्ट' रकाना बदललेला होता, आणि या वेळी तिला मुलाखतीलाही बोलावले नाही.

माझ्या मते यात कुणाचा दुष्टपणा नव्हता. प्रकल्पाच्या संशोधकाने प्रशासनाला नवा माणूस हवा असे कळवले, प्रशासनातल्या नव्या लिपिकाने जुनी फाइल उघडली नाही, आणि नेहमीच्या नमुन्यात जाहिरात निघाली. पण प्रतीक्षायादी लावलीच नाही तर ती कुणालाही दाखवता येत नाही, आणि न लावलेली यादी न वापरणे फार सोपे असते.

तीन वर्षे दोन महिने

सगळ्यात जवळ ती पोहोचली ती एका राज्य विद्यापीठाच्या पीएच.डी. प्रवेशात. यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) ७ नोव्हेंबर २०२२ रोजी अधिसूचित केलेल्या पीएच.डी. नियमावलीनुसार संस्थेने विषयवार जागा, निकष आणि प्रक्रिया आधी संकेतस्थळावर जाहीर करायची असते, आणि मार्गदर्शकांची यादीही, त्यांच्याकडे सध्या किती विद्यार्थी आहेत यासह. प्राध्यापकाकडे एका वेळी जास्तीत जास्त आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार विद्यार्थी असू शकतात. त्याच नियमावलीत आणखी एक कलम आहे ज्याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही: ज्या शिक्षकाची निवृत्ती तीन वर्षांच्या आत आली आहे, त्याला नवा विद्यार्थी घेता येत नाही.

देवरायांवर काम करणारे त्या विद्यापीठात एकच प्राध्यापक. तिने नोव्हेंबर २०२४ मध्ये त्यांना भेटून आराखडा दाखवला. त्यांनी तो वाचून समासात शेरे लिहिले, नमुना-क्षेत्रे तीनवरून पाच करायला सांगितले आणि मार्गदर्शनाला संमती दिली. जाहिरात त्याच महिन्यात निघाली. त्या दिवशी त्यांच्या निवृत्तीला तीन वर्षे दोन महिने होते. अर्जांची मुदत दोनदा वाढली. मग आरक्षणाचा रोस्टर तपासणीला गेला. मग शुद्धिपत्रक निघाले. मुलाखती एप्रिल २०२५ मध्ये झाल्या, तेव्हा निवृत्तीला दोन वर्षे नऊ महिने उरले होते. मुलाखत-मंडळात ते स्वतः बसले होते आणि बोलू शकत नव्हते. तिला सांगण्यात आले की गुण चांगले आहेत, मात्र 'आपल्या विषयात मार्गदर्शक उपलब्ध नाही'. शेवाळांवर किंवा ऊतिसंवर्धनावर काम करण्याची तयारी असेल तर विचार होऊ शकेल. तिने एक दिवस मागितला. दुसऱ्या दिवशी तिने होकार कळवला, तोवर ती जागा प्रवर्गनिहाय वाटपात गेली होती.

दरम्यान आणखी एक घड्याळ चालू होते. २०२४ पासून नेटचे गुण पीएच.डी. प्रवेशासाठी धरले जातात: ७० टक्के भार परीक्षेला आणि ३० टक्के मुलाखतीला. हे प्रमाण जेआरएफ न मिळालेल्या उमेदवारांसाठी आहे, आणि त्यांचे हे गुण प्रवेशापुरते एकच वर्ष ग्राह्य असतात. सहायक प्राध्यापकपदाची पात्रता कायम राहते, प्रवेशासाठीचे गुण मात्र वर्षभरात शिळे होतात. जिथे एका जाहिरातीपासून प्रवेशापर्यंत पाच महिने सहज जातात, तिथे एका वर्षाची वैधता म्हणजे जेमतेम दोन अर्ज. तिचे वर्ष सप्टेंबर २०२५ मध्ये संपले. त्या आधी दुसऱ्या कुठल्याही योग्य विभागाची जाहिरात निघालीच नाही.

दोन राज्यांचे कागद

सीमाभागाचा प्रश्न इथे भावनेचा म्हणून येत नाही, रकान्याचा म्हणून येतो. खानापुरातून कोल्हापूर, पुणे आणि गोवा धारवाडइतकेच मनाजवळ आहेत, आणि सह्याद्रीतील वनस्पतींवरचे काम या सगळ्या ठिकाणी होते. पण घाटाची वनस्पती जशी सीमा पाहत नाही तसा जातीचा दाखला वागत नाही. कर्नाटकात मराठा समाज मागासवर्गांच्या ३-ब प्रवर्गात येतो. बेळगाव ओलांडून कागलच्या पुढे गेले की तोच दाखला निरुपयोगी होतो आणि उमेदवार खुल्या गटात जातो, फीही खुल्या गटाची. केंद्रीय संस्थांची इतर मागासवर्गाची यादी आणखी वेगळी.

त्या दाखल्याचे रूपही सांगण्यासारखे आहे. नाडकचेरीतून (स्थानिक महसूल कार्यालयातून) मिळालेल्या कागदावर आरडी क्रमांक असतो, तो टाकला की ऑनलाइन पडताळणी होते. पण मजकूर कन्नडमध्ये. महाराष्ट्रातल्या एका कार्यालयाने इंग्रजी अनुवाद मागितला, अनुवाद दिल्यावर तो नोटरीने साक्षांकित केलेला हवा म्हटले, आणि नोटरी केल्यावर नाव जुळत नाही म्हणून परत पाठवले. कारण एसएसएलसीच्या (दहावीच्या) गुणपत्रिकेवर आमच्याकडे नाव आणि वडिलांचे नाव वेगळ्या ओळींत असतात, आणि तिकडच्या अर्जात आडनाव, नाव, वडिलांचे नाव असे तीन चौकोन, तिन्ही अनिवार्य. आडनाव तिच्या दहावीच्या कागदावर नाहीच. शंभर रुपयांच्या मुद्रांकावर प्रतिज्ञापत्र करून 'मीच ती' असे तिने लिहून दिले.

आता कुणी म्हणेल की महाराष्ट्र शासनाने दावा सांगितलेल्या ८६५ गावांना सवलत आहे ना. आहे. १० जुलै २००८ च्या शासन निर्णयाप्रमाणे या गावांतील मराठी भाषिकांना पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला देऊन महाराष्ट्राच्या शासकीय सेवेसाठी अर्ज करता येतो, आणि तिचे गाव त्या यादीत आहे. पण प्रकल्पातील फेलोची जागा शासकीय सेवा नाही, आणि विद्यावेतनाची योजना तर नाहीच. तिथे महाराष्ट्राचा अधिवास लागतो. शिवाय वास्तव्याचा दाखला द्यायचा कुणी, तर कर्नाटकच्या तहसीलदाराने. तिथल्या लिपिकाने 'कशासाठी पाहिजे' हा रकाना वाचला आणि मान वर न करता विचारले, 'म्हाराष्ट्राला? मग तिकडंच घ्या की.' या वाक्यात मला राग दिसत नाही, कंटाळा दिसतो.

तिचे वडील एकदा माझ्याकडे आले होते, तांदळाची पिशवी घेऊन, जी मी घ्यायला नको होती आणि घेतली. ते म्हणाले, 'सर, नाही म्हटलं तर आम्ही ऐकतोय. पण नाही म्हणायलाच कोण नाही.'

परदेशी नकार

२०२४ मध्ये तिने जर्मनीतील एका जागेसाठी अर्ज केला, फारशी आशा न ठेवता. तिथे पीएच.डी.ची जागा ही बहुधा पगाराची नोकरीच असते. जाहिरातीत वेतनश्रेणी टीव्ही-एल ई-१३ (तिथल्या सरकारी वेतनकराराची श्रेणी), ६५ टक्के वेळेची नोकरी, तीन वर्षे, असे स्पष्ट होते. फी नव्हती, दाखला नव्हता, शिफारसपत्रांऐवजी दोन नावे आणि ईमेल पुरेसे होते. सहा आठवड्यांनी नकार आला, चार ओळींचा. निवड अन्य उमेदवाराची झाली, आपल्या क्षेत्रकामाची पद्धत मंडळाला आवडली, शुभेच्छा. ते तिने मला छापून आणून दाखवले. ती आनंदात होती, आणि नकाराने माणूस आनंदित व्हावा याचे मला त्या दिवशी फार वाईट वाटले. तिकडेही अंतर्गत उमेदवार असतात आणि तिकडचे नकारही नमुन्यातले असतात, हे मी तेव्हा तिला सांगितले नाही.

माझ्या चुका आणि सध्याची स्थिती

मी तिला दोन गोष्टी चुकीच्या सांगितल्या. 'नेट झाली की सुटशील' हे पहिले. 'अर्ज करत राहा, एक तरी लागेल' हे दुसरे. अर्ज म्हणजे सोडत नव्हे. ज्या जागेचे मार्गदर्शक, मंजुरी आणि नोंदणी आधी पाहिली नाही तिथे दहा अर्ज केले तरी दहा वेळा तेच होते. माझ्या शिफारसपत्रांतही खोट होती. पहिल्या सहा जाहिरातींसाठी मी एकच पत्र तारीख बदलून दिले, ज्यात ती 'कष्टाळू व प्रामाणिक' असल्याचे लिहिले होते आणि देवळाच्या पायरीपासून मोजलेल्या झाडांचा उल्लेखही नव्हता.

आता ती अर्जाआधी फोन करते. प्रकल्पाची मंजुरी कोणत्या तारखेपर्यंत आहे आणि पहिला हप्ता आला आहे का, या जागेवर सध्या कुणी काम करत आहे का, फेलोची पीएच.डी. नोंदणी कोणत्या विद्यापीठात होते आणि पुढचा प्रवेश कधी. मार्गदर्शकांची निवृत्ती कधी. शेवटचा प्रश्न विचारायला ती बिचकत होती, तो आता मार्गदर्शकांना न विचारता विभागाच्या संकेतस्थळावरील यादीतून काढते. गेल्या काही महिन्यांत असे पाच फोन झाले. तीन ठिकाणी 'जागा भरल्यासारखीच आहे' असे मोकळेपणाने सांगितले गेले, आणि तिने तिथे अर्ज केला नाही. एका ठिकाणी फोन उचलला गेला नाही.

सध्या ती एका महाविद्यालयात अतिथी व्याख्याता आहे. अर्धवेळ पीएच.डी. नियमाने शक्य आहे, त्यासाठी नोकरी देणाऱ्याचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. प्राचार्य म्हणाले की अतिथी व्याख्याता कर्मचारी नसल्याने असे प्रमाणपत्र कोणत्या नमुन्यात द्यायचे ते वरून विचारावे लागेल. पत्र गेले आहे. पाचव्या फोनवर एका मार्गदर्शकांनी दोन प्रश्नांची उत्तरे दिली, हप्त्याविषयी 'मार्चमध्ये विचारा' म्हटले, आणि देवरायांचा नकाशा पाठवायला सांगितला. तिने तो पाठवण्याआधी रविवारी गावी जाऊन पुन्हा मोजला. आणखी एक झाड कमी झाले आहे. वाऱ्याने पडले, असे पुजाऱ्याने सांगितले, आणि तिने ते तारखेसह लिहून घेतले.